भूमिगत खाणींतले हादरे : त्यांच्या क्रमातून काय वाचता येते?

अश्मक :

खोल भूमिगत खाणीच्या परिसरात वर्षभरात नोंदलेले हादरे दिवसाच्या चोवीस तासांवर मांडून पाहिले, तर आलेख सपाट येत नाही. सुरुंग उडवण्याची वेळ ठरलेली असते. त्या वेळेनंतर हादऱ्यांची संख्या एकदम चढते, तासा-दोन तासांत उतरणीला लागते आणि पुढची पाळी खाली जाईपर्यंत बरीचशी बसलेली असते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या नोंदींत आठवड्याचाही क्रम दिसतो, कारण रविवारी काम बंद असले की हादरेही कमी होतात. निसर्गातल्या भूकंपांना अशी वेळ पाळण्याचे काही कारण नाही. त्यामुळे एखाद्या भागातले हादरे खाणीचे की निसर्गाचे, असा वाद निघाला की सर्वांत आधी हा साधा आलेख काढावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी कारण पाहू. जमिनीखाली दर किलोमीटरला वरच्या खडकाचा उभा दाब सुमारे २७ मेगापास्कलने वाढतो, म्हणजे तीन किलोमीटर खोलीवर तो ८० मेगापास्कलच्या घरात, हवेच्या दाबाच्या सुमारे आठशे पट असतो. खडक अखंड असतो तोवर हा भार सगळीकडे वाटलेला असतो. तिथे पोकळी केली की काढून नेलेल्या खडकाने पेललेला भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या खडकावर जाऊन बसतो. गोल बोगद्यासाठी हे गणित किर्श यांनी १८९८ मध्येच मांडले होते: भार एकाच दिशेने येत असेल तर बोगद्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, सर्व बाजूंनी सारखा येत असेल तर दुप्पट. सोन्याच्या खाणींतला क्वार्टझाइट हा मजबूत खडक, पण त्याचाही नमुना प्रयोगशाळेत दाबला की साधारण २०० मेगापास्कलच्या आसपास फुटतो. ८० ची तिप्पट केली की पुढचे सांगायला नको. तेवढ्या खोलीवर कडेचा खडक फुटणार हे धरूनच चालावे लागते. तो हळूहळू भेगाळत फुटतो, की साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात सोडून तुकडे फेकत फुटतो, यावर तिथे उभ्या असलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. दुसऱ्या प्रकाराला खाणीत रॉकबर्स्ट म्हणतात.

हे ज्ञान नवीन नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडला १८८६ मध्ये सोने सापडले, खाणी खोल जात गेल्या आणि जोहान्सबर्ग शहराला हादरे जाणवू लागले. १९०८ मध्ये नेमलेल्या ऑफिर्टन भूकंप समितीने या हादऱ्यांचा उगम खाणींत असल्याचे सांगितले आणि कारणही दिले: आधारासाठी मागे सोडलेले खडकाचे खांब वरच्या भाराखाली ताणले जातात आणि अखेर अचानक खचतात. १९३९ मध्ये तेथील विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेने पाच भूकंपमापकांचे जाळे उभारले, तेव्हा हादऱ्यांचे उगम थेट खणल्या जाणाऱ्या पट्ट्यात पडताना दिसले. पुढे १९६० च्या दशकात नेव्हिल कुक यांनी भूकंपमापक खाणीच्या आतच बसवले आणि हादरे सरकत्या फेसच्या (म्हणजे जिथे खणणे चालू असते त्या खडकाच्या भिंतीच्या) अवतीभवती, बहुतेक त्याच्या थोडे पुढे, गोळा होतात हे दाखवून दिले. फेस पुढे सरकला की हादऱ्यांचा पुंजकाही पुढे सरकतो.

म्हणजे वेळेवरही माणसाचा ठसा आहे आणि जागेवरही. आपली मते आणि दुरुस्त्या यांचे स्वागत आहे. (परिमाण हा शब्द मी वर्तमानपत्रांत ‘रिश्टर’ म्हणून येणाऱ्या आकड्यासाठी वापरणार आहे.)

मृण्मयी :

विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणी आवडली, मात्र त्या चोवीस तासांच्या आलेखाबद्दल तीन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, कारण माझा रोजचा संबंध अशाच आकडेवारीशी येतो.

पहिली गोष्ट अशी की सुरुंगाचा स्फोट स्वतःच भूकंपमापकावर नोंदला जातो. नोंदवहीतून स्फोट वेगळे काढले नाहीत, तर स्फोटाच्या वेळी उंचवटा येणारच, आणि तो हादऱ्यांबद्दल काहीही सांगत नाही. जिथे फक्त दूरवरची भूकंप केंद्रे आहेत तिथे ही चूक हमखास होते.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. पाळी चालू असताना खाणीत ड्रिल, पंखे, गाड्या, खनिज ओतण्याच्या कूपिका अशा सगळ्यांचा कंप जिओफोनपर्यंत (खडकात बसवलेल्या कंप टिपणाऱ्या उपकरणापर्यंत) पोहोचतो आणि त्यात लहान हादरे बुडून जातात. रविवारी शांतता असते म्हणून उलट अधिक बारीक हादरे ऐकू येऊ शकतात. तेव्हा रविवार आणि कामाचा दिवस यांची तुलना करण्याआधी अमुक परिमाणाच्या वरचे सगळे हादरे आपल्याकडे सर्व वेळी नोंदले गेले आहेत, अशी एक खालची मर्यादा ठरवावी लागते आणि तिच्याखालची आकडेवारी, कितीही मोहक असली तरी, बाजूला ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान हादरे सुरुंगाच्या वेळेशी घट्ट बांधलेले असतात, पण परिमाण वाढत जाते तसतशी ही बांधणी सैल होते. सर्वांत मोठे हादरे दिवसाच्या कोणत्याही वेळी येतात. म्हणजे अश्मक यांचा आलेख संख्येच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु संख्येत लहान हादऱ्यांचाच भरणा असतो. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांच्या नियमाप्रमाणे परिमाण एकाने वाढले की हादऱ्यांची संख्या साधारण दहाव्या हिश्शावर येते, तर प्रत्येक हादऱ्यातली ऊर्जा सुमारे ३२ पट होते. शंभर लहान हादऱ्यांनी काढलेला आलेख एका मोठ्या हादऱ्याविषयी आश्वासन देऊ शकत नाही.

जुना खाणवाला :

मी आयुष्याची बरीच वर्षे जमिनीखाली घालवली आहेत, त्यामुळे या आलेखाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

तो उंचवटा काही प्रमाणात मुद्दाम घडवलेला असतो. खोल खाणीत सगळे सुरुंग ठरावीक वेळेत, माणसे वर गेल्यावर, एकदमच उडवतात. स्फोटामुळे पोकळी मीटर-दीड मीटर वाढते, खडकाला अचानक नवा आकार मिळतो आणि तो आपला भार नव्याने वाटून घेतो. ही वाटणी होत असताना जे फुटायचे ते माणसे नसताना फुटावे, हाच त्यामागचा हेतू असतो.

धूर निघून गेल्यावर जी पहिली टोळी आत शिरते, तिचे पहिले काम हात चालवण्याचे नसून थांबून ऐकण्याचे असते. खडक बोलतो, असे आम्ही म्हणायचो. टोपीवरच्या दिव्याच्या झोतात भिंतीवरून नखाएवढी कपची टणकन उडते, मग काही क्षण शांतता, मग छताच्या आतून जाड लाकूड चिरल्यासारखा आवाज. हे आवाज विरळ होत असतील तर पुढे जायचे. वाढत असतील तर आल्या वाटेने मागे. त्यानंतर लांब लोखंडी सळीने छत ठोकत जायचे. घट्ट खडक खणखणीत वाजतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सुटलेला थर बद्द वाजतो आणि सळी मेल्यासारखी हातात राहते. नव्या मुलाला हा फरक शब्दांनी शिकवता येत नाही, त्याच्या हातात सळी देऊन त्याला दोन्हीवर ठोकायला लावावे लागते.

मृण्मयीताईंची तिसरी गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करतो. ज्या हादऱ्याने आमच्या खाणीत एकदा मोठी गॅलरी, म्हणजे आतला रुंद बोगदा, खचवली, तो पाळी निम्म्यावर आलेली असताना आला. आदल्या दिवशी त्या बाजूला सुरुंगही उडवला नव्हता.

जिज्ञासू :

एक मूलभूत शंका आहे. मोठे हादरे सुरुंगाची वेळ पाळत नसतील, तर ते खाणीमुळे होतात असे म्हणायला आधार काय? तिथे जुना भ्रंश (जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात अशी खडकातली मोठी भेग) असेल आणि तो कधी ना कधी सरकणारच असेल, तर खाणीने फार तर ते लवकर घडवले, एवढेच म्हणता येईल का?

भूतरंग :

शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर द्यायला हादऱ्यांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिल्या प्रकारात ताणही खाणीने निर्माण केलेला असतो आणि फुटण्याची जागाही खाणीने ठरवलेली असते. फेसजवळचा खडक चिरडणे, मागे ठेवलेला खांब फुटणे, छताचा थर मोडणे हे सगळे यात येते. हे हादरे फेसपासून फार तर शंभरेक मीटरच्या आत घडतात, त्यांचे परिमाण बहुधा लहान असते आणि हेच सुरुंगाची वेळ पाळतात.

दुसऱ्या प्रकारात आधीपासून असलेला भ्रंश किंवा डाइकची (जुन्या खडकाला छेदून भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या दुसऱ्या खडकाची) कड सरकते. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात आणि त्या दाबामुळे मिळणारे घर्षण त्यांना सरकू देत नाही. शेजारी मोठी पोकळी झाली की हा दाबून धरणारा जोर कमी होऊ शकतो किंवा सरकवणारा जोर वाढू शकतो. यातला कोणताही बदल एका स्फोटाने होत नाही. महिने किंवा वर्षे चाललेल्या खणण्याची ती बेरीज असते. म्हणून मोठा हादरा दिवसाचे घड्याळ पाळत नाही, पण तो खाणीचे दुसरे एक घड्याळ पाळतो: एकूण किती खडक काढला आणि तो कुठून काढला, याचे.

यासंबंधी भूकंपशास्त्रज्ञ मॅकगार यांनी १९७६ मध्ये एक सुंदर नाते मांडले. हादऱ्यांच्या आघूर्णांची बेरीज ही खडकाची दृढता आणि पोकळी मिटल्यामुळे झालेला घनफळातला बदल यांच्या गुणाकाराएवढ्या प्रमाणात असते. भ्रंशाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. या नात्याचा अर्थ असा की खाणीने किती घनफळ मिटू दिले यावरून खर्चाची एकूण रक्कम साधारण ठरते. ती रक्कम हजारो लहान हादऱ्यांत सुटी होऊन जाईल की दोन-तीन मोठ्या हादऱ्यांत जाईल, हे आजूबाजूला कोणते भ्रंश आणि डाइक आहेत यावर ठरते. त्यामुळेच पोकळीत भराव घालण्याचा उपाय मुळावर काम करतो. भराव छताला उचलून धरत नाही, पण मिटू शकणारे घनफळ कमी करतो.

‘कधी ना कधी सरकणारच होता’ या युक्तिवादाबद्दल बोलायचे तर, दक्षिण आफ्रिकेचा तो भूभाग अतिशय जुना आणि स्थिर आहे. तिथे नैसर्गिक भूकंप विरळ आहेत. खाणींच्या पट्ट्यात मात्र डिसेंबर १९७६ मध्ये वेल्कम येथे पाचहून अधिक परिमाणाचा हादरा बसून सहा मजली इमारत कोसळली, मार्च २००५ मध्ये स्टिलफाँटेन येथे ५.३ परिमाणाचा हादरा बसून खाणीत दोन कामगार दगावले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ऑर्कनीजवळ ५.५ परिमाणाचा भूकंप झाला. यांपैकी ऑर्कनीचे उदाहरण आपल्या शंकेला सर्वांत जवळचे आहे, कारण त्याचा भ्रंश खणलेल्या पातळ्यांच्या खाली सरकला. तिथे खाणीने शेवटचा धक्का दिला की बराचसा ताणही पुरवला, हे समजून घेण्यासाठी खाणीच्या आतून त्या भागापर्यंत छिद्रे घेऊन खडकाचे नमुने काढण्यात आले. अशा ठिकाणी ‘खाणीचा’ आणि ‘निसर्गाचा’ अशा दोन पेट्या पुरत नाहीत, हे आपले म्हणणे मी मान्य करतो. पण जो भ्रंश हजारो वर्षे सरकला नसता तो माणसे जवळ असताना आज सरकला, तर ‘फार तर लवकर घडवले’ हे शब्द मला फार हलके वाटतात.

अश्मक :

मृण्मयी आणि भूतरंग या दोघांचे आभार. माझ्या मूळ मांडणीत मी घड्याळावर जास्त भार टाकला होता, ही दुरुस्ती मी स्वीकारतो. स्फोट वेगळे काढणे आणि खालची मर्यादा ठरवणे या दोन अटी नसतील तर तो आलेख काढूच नये.

एक तिसरा प्रकारही येथे यायला हवा, तो म्हणजे खाण कोसळण्याचाच हादरा होणे. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण अमेरिकेतील युटा राज्यातल्या क्रँडल कॅन्यन या कोळसा खाणीचे आहे. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे तिथे खांब कोसळून सहा कामगार आत अडकले. त्याच वेळी भूकंप केंद्रांवर ३.९ परिमाणाचा हादरा नोंदला गेला, आणि खाणीच्या बाजूने लगेच असे सांगण्यात आले की नैसर्गिक भूकंप झाला व त्यामुळे खाण कोसळली. म्हणजे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली.

या वादाचा निकाल ज्या पुराव्याने लागला तो डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. भ्रंश सरकतो तेव्हा त्याच्या भोवतीची जमीन चार पाकळ्यांत वाटली जाते. दोन पाकळ्यांत पहिली लाट जमीन बाहेर ढकलते आणि दोन पाकळ्यांत ती आत ओढते. त्यामुळे वेगवेगळ्या दिशांच्या केंद्रांवर काही ठिकाणी रेघ आधी वर जाते, काही ठिकाणी आधी खाली. इथे ज्या केंद्रांवर पहिली हालचाल स्पष्ट वाचता आली, त्या सर्वांवर रेघ आधी खालीच गेली होती. सगळ्या दिशांची जमीन एकाच बिंदूकडे ओढली गेली होती. पोकळी मिटते तेव्हाच असे होते. युटा विद्यापीठाच्या भूकंपशास्त्रज्ञांनी ते सांगितले, लाटांच्या संपूर्ण आकाराचे विश्लेषणही मिटणाऱ्या भेगेशीच जुळले, आणि सरकारी चौकशीनेही दोष खाणीच्या आराखड्यात दाखवला. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, बचावकार्य चालू असताना पुन्हा खडक फुटला आणि तीन जण त्यात गेले. अडकलेले सहाही जण परत आले नाहीत.

हादऱ्याची नोंद कुठे झाली आणि किती परिमाणाची झाली, एवढेच बातमीत येते. पहिली हालचाल वर की खाली हे कधी येत नाही, आणि जबाबदारी कोणाची हे बहुतेक वेळा तिथेच दडलेले असते.

भूतरंग :

कोसळण्याच्या प्रकारात दोन उदाहरणे माझीही जोडतो, कारण त्यांचा क्रम वेगळा आहे.

खांब सोडून खणलेल्या खाणीत एक खांब गेला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर पडतो. ते आधीच मर्यादेवर असतील तर तेही जातात, आणि ही पडझड सेकंदांत दूरवर पसरते. पूर्व जर्मनीतील फ्योल्कर्सहाउझन येथे १३ मार्च १९८९ रोजी पोटॅश खाणीतले सुमारे ३,२०० खांब असेच गेले आणि ५.६ परिमाणाचा हादरा बसून वरच्या गावातली बहुतेक घरे नादुरुस्त झाली. रशियातील सोलिकाम्स्कला जानेवारी १९९५ मध्ये पोटॅश खाण कोसळून वरची जमीन कित्येक मीटर खचली.

अशा कोसळण्याआधी दिवसाचा किंवा आठवड्याचा काही लयबद्ध क्रम दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक या कोळसा खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी खांब कोसळून चारशेहून अधिक कामगार मेले. त्याच्या आधी, डिसेंबर १९५९ च्या अखेरीस, त्याच खाणीचा एक लहान भाग कोसळला होता. क्रम म्हणावा तर तेवढाच होता, आणि तो पुरेसा होता. या दुर्घटनेनंतर सालामन आणि मन्रो यांनी ९८ टिकलेल्या आणि २७ कोसळलेल्या जागांची मापे गोळा करून कोळशाच्या खांबाची रुंदी व उंची यांवरून त्याची ताकद काढण्याचे सूत्र १९६७ मध्ये मांडले. आजही खांबाचा आकार ठरवताना त्या सूत्राचा आधार घेतला जातो.

मृण्मयी :

कोळशाच्या लाँगवॉल पद्धतीत, म्हणजे एकच लांब सलग फेस कापत पुढे जाण्याच्या पद्धतीत, आणखी एक वेगळा क्रम मिळतो, आणि तो तासांवर मांडला तर दिसत नाही, फेस किती मीटर पुढे सरकला यावर मांडला तरच दिसतो.

या पद्धतीत फेस पुढे जातो तसे मागचे छत गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत, पडू दिले जाते. वर शेल किंवा दुसरा भुसभुशीत खडक असेल तर तो लगोलग पडत राहतो. वर वालुकाश्माचा जाड, भेगा नसलेला थर असेल तर तो पडत नाही, भिंतीत एका बाजूने रोवलेल्या फळीसारखा गोफवर लोंबत राहतो. फेस जसजसा पुढे जातो तसतशी ही फळी लांब होते, तिचे ओझे फेसवर वाढते, आणि एका लांबीनंतर ती मोडते. मग पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मोठे हादरे ठरावीक मीटरांच्या अंतराने येतात. फेसचा वेग वाढवला तर तेच हादरे दिवसांच्या हिशेबात जवळ येतात, आणि ज्याच्यासमोर फक्त तारखांची यादी आहे त्याला वाटते की खडकाचा स्वभावच बदलला.

जर्मनीतील झारलँड येथे २३ फेब्रुवारी २००८ रोजी कोळसा खाणीमुळे ४.० परिमाणाचा हादरा बसला आणि चर्चवरून दगड खाली आले. तिथेही खाणीवरच्या वालुकाश्माच्या जाड थरांकडे बोट दाखवले गेले. ४.० हा आकडा वाचून हे नुकसान अतिशयोक्त वाटेल, पण खाणीचा हादरा जमिनीखाली एक-दोन किलोमीटरवरच होतो. दहा-पंधरा किलोमीटरवर झालेल्या त्याच परिमाणाच्या नैसर्गिक भूकंपापेक्षा तो वरच्या घरांना कितीतरी जोरात हलवतो. खाणींच्या हादऱ्यांची तुलना नैसर्गिक भूकंपाशी नुसत्या परिमाणावरून करणे म्हणूनच चुकीचे आहे.

जिज्ञासू :

समजावून सांगितल्याबद्दल सर्वांचे आभार. मग आगाऊ अंदाज देता येतो का? आणि मोठा हादरा बसल्यावर कामगारांना पुन्हा खाली कधी पाठवायचे हे कसे ठरवतात?

मृण्मयी :

अमुक दिवशी अमुक ठिकाणी मोठा हादरा बसेल, असे विश्वासाने सांगणारी पद्धत आज नाही. तसा दावा कोणी केला तर त्याने चुकलेले अंदाजही सोबत मांडावेत, असा माझा आग्रह असतो. प्रयोगशाळेत ताण वाढतो तसे लहान फुटींच्या तुलनेत मोठ्या फुटींचे प्रमाण वाढते, हे खरे आहे. पण खाणीत त्यावरून तारीख काढता येत नाही. कोणत्या भागात धोका जास्त आहे हे सांगता येते, आणि तेही थोडे नाही.

पुन्हा खाली जाण्याबाबत मात्र चांगला आधार आहे. जपानच्या ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवले की मोठ्या भूकंपानंतरचे लहान धक्के काळाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतात. एक तासानंतर जो दर असतो त्याच्या साधारण दहावा हिस्सा दहा तासांनंतर उरतो. खाणीतल्या मोठ्या हादऱ्यानंतर आणि सुरुंगानंतरही हाच उतार दिसतो. म्हणून त्या भागातला दर रोजच्या पार्श्वभूमीवर येईपर्यंत कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम करता येतो. या उताराचे वैशिष्ट्य असे की तो आधी वेगाने घसरतो आणि नंतर फार सावकाश. पहिल्या दोन तासांत मिळणारी सुरक्षितता मोठी असते. नंतरचा प्रत्येक तास कमी देतो, आणि खनिज काढण्याचा तगादा नेमका त्याच वेळी सुरू होतो.

अश्मक :

याला जोडून स्वीडनमधील किरुना या लोखंडाच्या खाणीचे उदाहरण देतो. १८ मे २०२० च्या पहाटे तिथे ४.९ स्थानिक परिमाणाचा हादरा बसला, आतल्या कित्येक बोगद्यांचे नुकसान झाले आणि तरी कोणाला इजा झाली नाही. तिथे सुरुंग रात्री उडवतात आणि त्या वेळी खाली माणसे फारच थोडी असतात. मोठ्या हादऱ्याने घड्याळ पाळले की तो योगायोग होता, हे एका घटनेवरून ठरवता येणार नाही, परंतु माणसे खाली किती वेळ आणि किती संख्येने ठेवायची, हा निर्णय आपल्या हातात असतो, हे त्यातून दिसते.

जुना खाणवाला :

खाण बंद झाली की विषय संपला असे समजू नये, म्हणून एवढे लिहितो.

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेल्या होत्या. तिथले रॉकबर्स्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून चालत आले. एक मोठा फुटला की त्यामागून विस्तीर्ण भागात दिवसचे दिवस फुटत राहायचे, आणि वरच्या वस्तीतल्या भिंतींना तडे जायचे. खडकाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये तिथेच निघाली. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या, पंप थांबले, पाणी चढू लागले, आणि हादरे चालूच राहिले. जोहान्सबर्गच्या आसपासच्या जुन्या खाणींतही २००८ नंतर पाणी चढत गेले तसे तेच दिसले. एक किलोमीटर उंचीचे पाणी तळाशी दहा मेगापास्कलचा दाब देते. ते भ्रंशाच्या फटीत शिरले की भूतरंग यांनी सांगितलेला दाबून धरणारा जोर तेवढ्याने घटतो. त्या हादऱ्यांना ना पाळीची वेळ असते ना रविवारची सुटी. पाण्याची पातळी आठवड्याला किती चढते हे मोजत राहणे आणि त्याच कागदावर हादरे मांडत राहणे, एवढेच करता येते, आणि ते करायला खाण बंद झाल्यावर कोणी जागेवर उरलेले असावे लागते.

जिज्ञासू :

शेवटचे एकच विचारतो. आपण खाणीत असताना ही आकडेवारी कामगारांपर्यंत पोहोचत होती का?

जुना खाणवाला :

सुरुवातीला नाही. जिओफोनच्या नोंदी कार्यालयात जायच्या आणि तिथेच राहायच्या. पुढे एका तरुण अभियंत्याच्या आग्रहाने शाफ्टच्या तोंडाशी, जिथे दिवे घ्यायला रांग लागते तिथे, एक फळा लावला. त्यावर रोज खडूने दोनच गोष्टी लिहिल्या जात: आदल्या रात्री कोणत्या भागात किती हादरे झाले आणि शेवटचा किती वाजता झाला. आधी कोणी पाहत नसे. महिन्याभरात असे झाले की दिवा हातात घेतल्यावर माणूस फळ्यासमोर थांबल्याशिवाय खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाऊल टाकत नसे, आणि एखाद्या दिवशी फळा कोरा राहिला तर रांग पुढे सरकत नसे.